औषधाचा खर्च कोणाच्या पदरचा?

राष्ट्राचा आरोग्यावरील खर्च वाढला की घटला, एवढे पाहून भागत नाही. तो कोणाच्या पदरचा, हेही पाहावे लागते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली भारतातील एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ६४ टक्के रक्कम कुटुंबांनी स्वतः भरली. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवर आले. त्याच अवधीत सरकारी खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांपर्यंत चढला. अर्थात अखेरचे वर्ष कोविड महासाथीचे होते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

हा भार हलतो कसा, ते जयपूर येथे पाहावे. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात राज्याच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. २ ऑक्टोबर २०११ रोजी राजस्थान सरकारने सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. तीनुसार एक महामंडळ साऱ्या राज्यासाठी निविदा मागवून औषधे व्यापारी नावाने न घेता मूळ नावाने, घाऊक विकत घेते. जाहिरातीचा व किरकोळ विक्रीचा खर्च वगळला गेल्याने तेच औषध पुष्कळ स्वस्त पडते. तरीही यादीबाहेरचे औषध कधी कधी घरच्यांनाच आणावे लागते. शिवाय रुग्णाजवळ बसलेल्या आप्ताची मजुरी बुडते, ती वेगळीच. राष्ट्रीय लेख्यांत तिची नोंद कोठेच होत नाही.