ध्वनीचें माप, त्याची नोंद आणि सरासरी

वाण्याच्या दुकानांत धान्य घेतांना आपण तराजूच्या कांट्यावर लक्ष ठेवतों. कापड घेतांना मीटरपट्टी सरळ धरली आहे कीं नाहीं तें पाहतों. आवाजाविषयीं बोलतांना मात्र "फार मोठा" किंवा "असह्य" एवढ्या शब्दांवरच आपण संतुष्ट राहतों. अंधेरी-बोरिवलीचा द्रुतगति महामार्ग, घाटकोपर-मुलुंडचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, लोकलगाड्या, बांधकामें आणि घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणारीं विमानें यांच्या सान्निध्यांतच आपल्या उपनगरांतील मुलें अभ्यास करीत असतात. त्यांच्या तक्रारीस न्याय मिळावयाचा असेल तर आवाज मोजतां आला पाहिजे, आणि मोजलेल्या आकड्यांची सरासरीहि बिनचूक काढतां आली पाहिजे. या दुसऱ्या कामांतच पुष्कळांची फसगत होते. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

आवाज म्हणजे हवेच्या दाबांतील अतिशय सूक्ष्म व जलद चढउतार. हातांत मावणाऱ्या ध्वनिमापक यंत्राचा मायक्रोफोन या चढउताराचें विजेच्या लहरींत रूपांतर करतो, आणि यंत्र त्याचें मान 'डेसिबेल' या परिमाणांत दाखवितें. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नांवावरून हें नांव पडलें. ही मोजपट्टी मीटर किंवा किलोग्रॅम यांच्यासारखी नाहीं, हें प्रथम ध्यानांत धरावें. आंकडा १० नें वाढला कीं ध्वनीची शक्ति दसपट होते. २० नें वाढला कीं शंभरपट आणि ३० नें वाढला कीं हजारपट. उलट शक्ति निम्मी झाली तरी आंकडा सुमारें ३ नेंच उतरतो.

यंत्राच्या पडद्यावरील आंकडा क्षणोक्षणीं बदलत असतो. म्हणून चांगल्या यंत्रांत नोंद सांठविण्याची सोय केलेली असते. बटण दाबतांच त्या वेळचें माप यंत्राच्या मेमरीत जाऊन बसतें, आणि पुढें अशा अनेक नोंदींची सरासरी यंत्रच काढून देतें. ही सरासरी तें कसें काढतें?

समजा, रेल्वेलगतच्या एका शाळेच्या खिडकींत दर मिनिटास एक याप्रमाणें आपण दहा नोंदी घेतल्या. नऊ मिनिटांत आवाज ५५ डेसिबेल होता. एका मिनिटांत जलद गाडी भोंगा वाजवीत गेली, तेव्हां तो ८५ भरला. नेहमींच्या रीतीनें सरासरी काढल्यास ५८ येते, आणि वाटतें कीं गाडीनें विशेष कांहीं बिघडविलें नाहीं. परंतु हें गणित चुकीचें आहे, कारण येथें आंकड्यांची नव्हे, तर शक्तीची सरासरी काढावयाची असते. ५५ डेसिबेलांची शक्ति १ माना. ८५ हा आंकडा ३० नें अधिक, म्हणून त्याची शक्ति १०००. नऊ मिनिटांचे ९ आणि एका मिनिटाचे १०००, मिळून १००९. त्यास १० नें भागलें असतां सुमारें १०१. शंभरपट म्हणजे २० डेसिबेल. म्हणून खरी सरासरी ५५ अधिक २०, म्हणजे ७५. ५८ कोठें आणि ७५ कोठें! एका मिनिटाच्या गर्जनेनें सबंध दहा मिनिटांचा हिशेब फिरविला.

कायद्यासहि हीच सरासरी अभिप्रेत आहे. भारत सरकारच्या सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागास दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल, आणि शांतताक्षेत्रास दिवसा ५० व रात्रीं ४० अशी मर्यादा घातली आहे. येथें दिवस म्हणजे सकाळीं ६ पासून रात्रीं १० पर्यंतचा काळ. हे आंकडे एका क्षणाचे नसून काळाच्या मानानें काढलेल्या सरासरीचे आहेत. आणि मानवी कानास मंद्र स्वर कमी ऐकूं येतात हें लक्षांत घेऊन ठरविलेल्या 'ए' नांवाच्या मोजपट्टीवर ते मोजावयाचे असतात.

मुंबईंत हें मोजमाप लोकांनीं स्वतः हातीं घेतलें, ही अभिमानाची गोष्ट आहे. श्रीमती सुमैरा अब्दुलाली आणि त्यांची आवाज फाउंडेशन ही संस्था यांनीं उत्सवांच्या व दिवाळीच्या दिवसांत रस्त्यांवर जाऊन मापें घेतलीं व तीं प्रसिद्ध केलीं. सन २०११ मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें मुंबईसह सात मोठ्या शहरांत अखंड ध्वनिमापनाचीं केंद्रें उभारण्यास आरंभ केला. आणि सन २०१६ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें पोलिसांना ध्वनिमापकें पुरविण्याचा आदेश राज्य सरकारास दिला. वर्तमानपत्रांत बहुधा सर्वांत मोठा आंकडाच छापून येतो. तो खोटा नसतो. परंतु मर्यादेशीं तुलना करावयाची ती सरासरीची, हा भेद वाचकानें विसरूं नये.

सरासरीचा दुसरा उपयोग सभागृहांत होतो. एकाच जागीं उभें राहून ध्वनिक्षेपकाची परीक्षा करूं नये; कारण भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळें एखाद्या जागीं मंद्र स्वर घुमतात, तर दोन पावलांवर ते क्षीण होतात. म्हणून पहिल्या रांगेंत, मध्यभागीं, कडेला आणि शेवटच्या बांकावर अशा निरनिराळ्या नोंदी सांठवून त्यांची सरासरी घ्यावी. मात्र सरासरी हातीं आली म्हणून मूळ नोंदी पुसून टाकूं नयेत. सभागृहाची सरासरी उत्तम असूनहि शेवटच्या बांकावरील मुलास एक शब्दहि ऐकूं येत नसेल! त्याची व्यथा मूळ नोंदीच सांगतील.

नोंद घेतांना पुढील नियम पाळावे. मापनापूर्वीं व नंतर यंत्र प्रमाण-ध्वनीशीं ताडून पाहावें. हा ध्वनि बहुधा ९४ डेसिबेलांचा असतो. यंत्र अंगापासून दूर धरावें आणि मायक्रोफोनवर वारा लागूं देऊं नये. प्रत्येक नोंदीबरोबर दिनांक, वेळ, जागा व मापनाचा कालावधि लिहून ठेवावा. मोबाइलमधील मापक कुतूहलासाठीं ठीक. पण असा ताळा न पाहिलेला आंकडा पुरावा म्हणून पुढें करूं नये.

विद्यार्थ्यांनीं आतां एक उदाहरण स्वतः सोडवावें. अर्धा तास आवाज ५० डेसिबेल आणि अर्धा तास ८० डेसिबेल असल्यास तासाची सरासरी किती? उत्तर ६५ नव्हे, ७७ आहे. तें कसें येतें, हें आईवडिलांना समजावून सांगावें.

खोट्या मापानें ज्याप्रमाणें गिऱ्हाईक नाडलें जातें, त्याचप्रमाणें चुकीच्या सरासरीनें कधीं पीडिताची तक्रार दडपली जाते, तर कधीं शेजाऱ्यावर नाहक दोष येतो. ज्यास शांतता हवी, त्यानें आधीं आपलें माप खरें ठेवावें.