व्हिडिओ आधी, हात नंतर

प्रश्न : मी आयटीआयमध्ये जोडारी विषयाचा शिल्प निदेशक आहे. ई-लर्निंग वापरा, असं वरून सांगतात. ज्येष्ठ सहकारी मात्र दाद देत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : पोर्टलपासून नको, एका जॉबपासून करा. व्हर्नियर कॅलिपर घ्या. मुख्य पट्टीवर 24 मिमी, व्हर्नियरची अठरावी रेघ जुळलेली, लघुत्तम माप 0.02, म्हणजे 24.36 मिमी. वर्गात मागच्या बाकावरून ती रेघ दिसतच नाही. फोनवर जवळून काढलेल्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत स्वच्छ दिसते. तो आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाका; वर्कशॉपचा वेळ हात चालवायला ठेवा. कानस धरायची कशी, हे पडद्यावर येत नाही, त्याचा हट्टही धरू नका.

ज्येष्ठांना प्रशिक्षणाचं भाषण देऊ नका. मोबाइल प्रशिक्षणार्थ्याने धरावा, हात आणि आवाज सरांचा! आता थिअरीची परीक्षा संगणकावर होते, त्यामुळे ‘भारत स्किल्स’ पोर्टलवरची प्रश्नपेढी त्यांनाही उपयोगी वाटेल.

प्रशिक्षणार्थी कारखान्यात शिकत असतील, तर तिथली अडचण वेगळी. शॉप फ्लोअरवर अनेक ठिकाणी मोबाइलला बंदी असते आणि ती रास्तच आहे. मशीनपासून सुरक्षित अंतरावर कंपनीचाच एक टॅब ठेवायला सांगा. व्हिडिओ पाहण्याचा वेळ ड्युटीत धरला जाईल, हे मात्र आधीच लेखी ठरवून घ्या.