कठड्याला बांधलेली दोरी

प्राणिसंग्रहालयात माणूस आणि हिंस्र प्राणी यांच्यामध्ये दोन अडथळे लागतात. एक प्राण्याला आत ठेवणारा: गज, जाळी, भिंत किंवा खंदक. दुसरा माणसाला त्या पहिल्यापासून लांब ठेवणारा, म्हणजे कठडा. पहिल्याची ताकद डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची देखभाल होते. दुसरा कमरेएवढा, रंग उडालेला, साधा असतो आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. बिबट्या गजांतून बाहेर येऊ शकत नाही, त्याचा पंजा मात्र येतो. तो पंजा जेथवर पोहोचेल त्याच्या पलीकडे माणसाला थोपवणे एवढेच कठड्याचे काम. हे काम संग्रहालयाचे आहे. ते पाहायला येणाऱ्यांच्या शहाणपणावर सोडता येत नाही. अपघात झाल्यावर मात्र चर्चा त्या शहाणपणाचीच होते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयातली घटना या बाबतीत मुळातून समजून घ्यावी अशी आहे. २५ डिसेंबर २००७ रोजी संध्याकाळी तातियाना नावाची सायबेरियन वाघीण खंदक आणि भिंत ओलांडून बाहेर आली. तिने एका १७ वर्षांच्या मुलाचा जीव घेतला, त्याच्याबरोबरच्या दोघांना जखमी केले आणि शेवटी पोलिसांच्या गोळ्यांनी ती मेली. भिंत १८ फूट उंच असल्याचे संग्रहालयाने सुरुवातीला सांगितले. मोजली तेव्हा ती साडेबारा फुटांच्या आसपास भरली. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस साडेसोळा फुटांच्या जवळपास होती. वाघांचे ते आवार १९४० सालचे. म्हणजे ही उणीव अनेक दशके तेथेच उभी होती आणि फूटपट्टी लावली ती माणूस मेल्यावर. त्याआधी एक वर्ष, डिसेंबर २००६ मध्ये, याच वाघिणीने खाणे देणाऱ्या कर्मचारी स्त्रीचा हात गजांमधून ओढून फाडला होता आणि राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने त्याचा दोष संग्रहालयावर ठेवला होता. एवढे असूनही २००७ नंतरचा वाद मुख्यतः एकाच मुद्द्यावर रंगला: त्या मुलांनी वाघिणीला डिवचले होते का? डिवचलेही असेल. डिवचणारा कधी ना कधी येणार हे गृहीत धरूनच भिंत बांधायची असते.

सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात २८ मे २०१६ रोजी तीन वर्षांचा मुलगा कठडा ओलांडून गोरिलांच्या खंदकात पडला. हरांबे हा १७ वर्षांचा नर गोरिला त्याला पाण्यातून ओढत राहिला. सुमारे दहा मिनिटांनी हरांबेला गोळी घालण्यात आली. बधिर करणारी सुई का मारली नाही, असा प्रश्न जगभर विचारला गेला. त्याचे उत्तर सरळ आहे. ते औषध चढायला काही मिनिटे लागतात, आणि सुई टोचताच प्राणी आधी बिथरतो. मुलगा हातात असताना ती जोखीम कोणी घेणार नाही. मग सगळा राग आईवर निघाला. तिच्यावर खटला भरण्याचे कारण नाही असे सरकारी वकिलाने जाहीर केले तरी तो शमला नाही. कठडा तीन फुटांचा होता. नंतर तो साडेतीन फुटांचा झाला आणि त्याला दोरीची जाळी लागली. अर्धा फूट आणि एक जाळी, एवढ्याने भागणार होते.

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात २३ सप्टेंबर २०१४ रोजी एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात गेला. विजय नावाचा तो वाघ काही वेळ त्याच्यासमोर नुसता उभा होता. वरून लोकांनी आरडाओरडा केला, दगड मारले. बधिरीकरणाची बंदूक वेळेत पोहोचली नाही आणि तरुण वाचला नाही. वरच्या गर्दीला मदतच करायची होती यात शंका नाही. पण काय करायचे नसते हे तिला कोणी शिकवलेले नव्हते.

महाराष्ट्रातील एका प्राणिसंग्रहालयात मे महिन्याच्या सुटीत, रविवारी, प्रस्तुत लेखिकेच्या डोळ्यांसमोर घडलेला प्रसंग याच जातीचा आहे. त्यात कोणाचा जीव गेला नाही, म्हणूनच त्याची नोंद धड झाली नाही. बिबट्याच्या पिंजऱ्यासमोरच्या कठड्याचे दोन गज निघालेले होते आणि त्या जागी निळी नायलॉनची दोरी आडवी बांधलेली होती. एक गृहस्थ चार-पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन दोरीखालून आत गेले आणि मोबाइल उंच धरून जाळीला पाठ लावू लागले. मागे सरका, असे लेखिकेने एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सांगितले. उत्तर आले, "ओ मावशी, पिंजऱ्यात आहे ना तो? तुम्ही तुमची पोरं सांभाळा." शेजारच्या दोघातिघांना हसू आले. पहारेकरी जागेवर नव्हता. गर्दीमुळे त्याला फाटकावर तिकिटे तपासायला पाठवले होते.

बिबट्या तोवर सुस्त पडलेला होता. मग त्याचे कान मागे चिकटले, अंग जमिनीला टेकले आणि शेपटीचे फक्त टोक हलू लागले. नजर गृहस्थांवर नव्हती, कडेवरच्या मुलावर होती. हे पाहून लेखिका ओरडली. गृहस्थ चिडून वळले, मूल पुढच्या बाजूला आले आणि जाळीच्या फटीतून आलेला पंजा मुलाऐवजी त्यांच्या दंडावर पडला. बाही फाटली, चार ओरखडे उठले. मुलाला काही झाले नाही.

कार्यालयात त्याच गृहस्थांनी सांगितले, "या बाई किंचाळल्या म्हणून तो बिथरला." टेबलामागच्या कर्मचाऱ्याने ते तसेच लिहून घेतले. लेखिकेने कठड्याचा विषय काढताच कर्मचारी म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तर काही झालं नाही ना? मग कशाला वाढवताय?" लेखी निवेदन घ्यायला त्यांनी नकार दिला. लेखिका बाहेर आली तेव्हा दोरी गेलेली होती आणि तेथे नवा बांबू बांधला जात होता. काय चालले आहे ते त्या क्षणी कळले. दोरी आपोआप आलेली नव्हती. कोणीतरी फट पाहिली होती, ती धोक्याची आहे हे ओळखले होते, आणि दोरी पुरेल असे ठरवले होते. ती तेथे असताना धोका माहीत नव्हता असे म्हणायला कोणाला जागा उरत नव्हती, म्हणून दोरी काढली गेली. लेखिकेच्या भाचीने त्याच्या अर्धा तास आधी काढलेल्या फोटोत ती धुळकटलेली, जुन्या गाठींची दोरी स्वच्छ दिसते. ओरडल्यामुळे बिबट्या बिथरला हे म्हणणे तर उलटेच आहे: कान आधी मागे गेले, ओरडणे नंतर झाले.

भारतात याबाबत कायदा पुरेसा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये १९९१ च्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालयांचे प्रकरण आले आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. लोकांना सुरक्षित अंतरावर ठेवणारे कठडे आणि इशारा देणारे फलक असले पाहिजेत, असे २००९ च्या मान्यता नियमांत आहे. कलम ३८-जे प्रमाणे प्राण्याला डिवचणे, इजा करणे, खायला घालणे, गोंगाट करून त्रास देणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे दोन्ही बाजूंची कर्तव्ये लिहिलेली आहेत. फलकावर मात्र लोकांचे कर्तव्य तेवढे रंगवलेले असते. हिंस्र प्राणी बाळगणाऱ्याची जबाबदारी जुन्या इंग्लिश कायद्यातही कडक आहे. १८९० मध्ये एका हत्तीच्या खटल्यात हा हत्ती स्वभावाने शांत होता ही सबब न्यायालयाने मानली नाही. जाणूनबुजून संकट ओढवून घेणाऱ्याचा दावा मात्र टिकत नाही, आणि ते रास्त आहे.

पाहायला जाणाऱ्यांनी पाळायच्या गोष्टींपैकी मुलाचा हात न सोडणे, खाऊ न टाकणे, काचेवर थापा न मारणे या सर्वांना ठाऊक आहेत. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की मुलाला कठड्यावर बसवू किंवा उभे करू नये, धरून ठेवले तरी नाही. पिट्सबर्गमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये दोन वर्षांचा मुलगा असाच कठड्यावरून आफ्रिकी रानकुत्र्यांच्या आवारात पडून मेला. मुलाला दिसत नसेल तर खांद्यावर घ्यावे आणि कठड्यापासून दोन पावले मागे उभे राहावे. मांजरकुळातल्या प्राण्यांकडे पाठ करून फोटो काढू नये. वाकलेला किंवा पाठमोरा माणूस आणि लहान मूल यांच्याकडे त्यांचे लक्ष आधी जाते. वाहनातून फिरण्याच्या उद्यानात काहीही झाले तरी दार उघडू नये. बीजिंगजवळ जुलै २०१६ मध्ये गाडीतून उतरलेल्या बाईला वाघाने ओढून नेले आणि तिला सोडवायला धावलेली तिची आई मारली गेली.

कोणी आत पडलेच तर दगड, काठ्या, बाटल्या फेकू नयेत आणि गर्दी मागे हटवावी. एकाने संग्रहालयाच्या नियंत्रण कक्षाला फोन करावा. तो क्रमांक आत शिरतानाच तिकिटावरून किंवा फलकावरून मोबाइलमध्ये घेऊन ठेवावा, कारण ऐन वेळी तो सापडत नाही. पहारेकरी दिसला तर त्याला पिंजऱ्याचा क्रमांक सांगावा. "तिकडे, तिकडे" ऐकून त्याला काही समजत नाही.

तुटका कठडा, निघालेला गज, उघडी फट दिसली तर प्राण्याचा फोटो काढण्याआधी तिचा काढावा, शेजारचा पिंजऱ्याचा फलकही त्यात यावा. तोंडी सांगून भागत नाही. तक्रार दोन प्रतींत लिहावी, एक कार्यालयात देऊन दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यावी. घ्यायला नकार दिला तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने संग्रहालयाच्या संचालकांना, ते ज्या महापालिकेच्या किंवा वन विभागाच्या ताब्यात असेल तेथील आयुक्तांना किंवा वनाधिकाऱ्यांना आणि दिल्लीच्या केंद्रीय प्राधिकरणाला पाठवावी. पत्रात वार, वेळ, पिंजरा, फटीची अंदाजे रुंदी, पहारेकरी जागेवर होता की नव्हता आणि साक्षीदारांची नावे एवढेच लिहावे. संताप कितीही असला तरी तो पत्रात उतरवू नये, कारण चौकशी करणारा नेमका तोच भाग पुढे करतो. सीसीटीव्हीचे चित्रण राखून ठेवण्याची मागणी पहिल्याच पत्रात करावी, कारण ते काही दिवसांनी पुसले जाते. कठड्याची शेवटची दुरुस्ती कधी झाली, पाहणी कोणी केली आणि त्या दिवशी त्या पिंजऱ्यावर कोणाची नेमणूक होती, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. उत्तर साधारणपणे तीस दिवसांत द्यावे लागते, आणि न आल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करता येते.