शिपायाची शाळा : पोलिसांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचा विचार

पदवी मिळाल्यावर एखाद्या डॉक्टरने पुस्तके कायमची मिटून ठेवली, तर त्याच्याकडे नाडी दाखवायला आपण जाणार नाही. प्राध्यापकांनाही उद्‍बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग करावे लागतात, हे आपण आपल्याच महाविद्यालयात पाहतो. (सर वर्गाला गेले म्हणून तास बुडाला, की आपल्याला आनंद होतो, हा भाग वेगळा.) पण ज्याच्या एका चुकीने निरपराध माणूस कोठडीत जाऊ शकतो, किंवा खरा गुन्हेगार न्यायालयातून हसत बाहेर पडू शकतो, त्या पोलिसाचे शिक्षण नोकरी लागल्यावर पुढे कसे चालते, किंबहुना चालते की नाही, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

विशी-बाविशीत भरती झालेला शिपाई आपल्या राज्यात ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे पस्तीस वर्षांहून अधिक सेवा. या काळात कायदे बदलतात, गुन्ह्यांच्या तऱ्हा बदलतात, समोर येणारा नागरिकही बदलतो. पूर्वी पाकीट मारले जाई, आता घरबसल्या बँकेतले पैसे जातात. भरतीच्या वेळी नऊ महिन्यांत कवायत, शस्त्रे आणि कायद्याची तोंडओळख करून दिलेली शिदोरी पस्तीस वर्षे पुरेल, असे गृहीत धरणे हा भाबडेपणाच नव्हे काय?

या गृहीतकाचे मूळ बरेच जुने आहे. १९०२ साली, लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला गेला. प्रशिक्षण शाळा काढाव्यात ही सूचना त्याने केली, हे त्याचे श्रेय. पुण्याजवळ भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, १९०६ साली अशी शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. पण याच आयोगाने एक वाटणीही करून ठेवली. डोके चालवायचे काम अधिकाऱ्याचे. शिपायाने पहारा, गस्त, कैद्याची ने-आण अशी यांत्रिक कामे करावीत. यंत्राला तेल लागते, शिक्षण लागत नाही. ही समजूत कागदावरून केव्हाच पुसली गेली असली, तरी खात्याच्या सवयीतून ती पुरती गेली आहे असे म्हणवत नाही. वास्तविक, रात्री दोन वाजता दारूच्या नशेतल्या नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई जेव्हा पोलीस ठाण्याची पायरी चढते, तेव्हा तिच्यापुढे अधिकारी नसतो. ठाणे अंमलदार म्हणून बसलेला हवालदार असतो. कायदा काय आहे हे त्या क्षणी तोच ठरवतो.

आज आपल्या राज्यात प्रशिक्षणाची सोय नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. नाशिकची अकादमी उपनिरीक्षक आणि उपअधीक्षक घडवते. खंडाळा, मरोळ, जालना, नागपूर, सोलापूर, अकोला, धुळे, लातूर, दौंडजवळचे नानवीज, तासगाव तालुक्यातील तुरची येथे शिपायांची प्रशिक्षण केंद्रे आहेत. गुन्हे तपासाचे वर्ग चालवणाऱ्या केंद्रीय संस्था आहेत, त्यांतली कोलकात्याची १९५८ पासूनची. सेवेतल्या माणसाला साधारणपणे तीन वाटांनी पुन्हा वर्गात बसता येते : जिल्हा मुख्यालयात होणारे उजळणी वर्ग, बढतीच्या वेळचे प्रशिक्षण, आणि सायबर गुन्हे, न्यायवैद्यक, बॉम्बशोध यांसारख्या विषयांचे खास अभ्यासक्रम. अलीकडे यात संगणकावरून घ्यायच्या पाठांची भर पडली आहे. यादी पाहिली की समाधान वाटते. प्रश्न आहे तो या वाटांपर्यंत पोहोचतो कोण, हा.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट या संदर्भात सांगितली पाहिजे. १९७१ साली केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपद कोणा निवृत्त पोलीसप्रमुखाला दिले नाही. ते दिले एका समाजशास्त्रज्ञाला. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तेव्हाचे संचालक प्रा. मा. स. गोरे हे ते गृहस्थ. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले; डॉ. आंबेडकरांच्या आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या विचारांवरील त्यांचे ग्रंथ समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असतील. गोरे समितीच्या म्हणण्याचा गाभा असा : कवायतीने शरीर घडते, कायद्याच्या पाठांतराने स्मरणशक्ती घडते, पण पोलिसाची वृत्ती घडायची तर त्याला समाज समजला पाहिजे. म्हणून समाजशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय अभ्यासक्रमात यावेत, प्रशिक्षण एकदाच न देता सेवेच्या टप्प्याटप्प्यांवर द्यावे, आणि शिकवणाऱ्यांची नेमणूक विचारपूर्वक करावी. समितीच्या शिफारशीवरून १९७३ मध्ये केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास संस्थेत प्रशिक्षण विभाग सुरू झाला. पुढे १९७७ ते १९८१ या काळातील राष्ट्रीय पोलीस आयोगानेही, शिपायाला यंत्र न मानता विवेकबुद्धी वापरणारा माणूस मानावे, असाच सूर लावला.

विषय अभ्यासक्रमात आले. पण मानसशास्त्राचा तास आणि मानसशास्त्र यांत अंतर असते, हे परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या आपल्यासारख्यांना कोणी सांगायला नको. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे उदाहरण घ्या. पीडित मुलाचा जबाब नोंदवताना पोलीस अधिकाऱ्याने गणवेशात असू नये, शक्यतो जबाब मुलाच्या घरी आणि महिला अधिकाऱ्याने घ्यावा, असे त्यात स्पष्ट आहे. गणवेश उतरवण्याची सूचना एका ओळीत देता येते. पण आवाजातला गणवेश कसा उतरवायचा? सहा वर्षांच्या मुलीला प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, ती गप्प बसली तर किती वेळ थांबायचे, आईला जवळ बसवायचे की नाही? हे व्याख्यानाने येत नाही. ते करून पाहावे लागते, चुकावे लागते, आणि जाणत्याने ती चूक दाखवून द्यावी लागते.

आता ज्या कारणाने हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. आमच्या गल्लीत एक हवालदारकाका राहतात. सेवा चोवीस वर्षांची. २०२४ च्या जून महिन्यात एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली आणि दोनशे पानी वही पुढे ठेवली. १ जुलैपासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता येणार होती. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलणार होते. मुख्यालयात एका दिवसाचा वर्ग झाला होता, पण त्यात तिन्ही कायदे उरकले गेल्यामुळे डोक्यात काहीच राहिले नव्हते. जुने कलम डावीकडे आणि नवे उजवीकडे असा तक्ता मी सुवाच्य अक्षरात लिहून द्यावा, अशी त्यांची इच्छा होती.

मी म्हणालो, "काका, मोबाइलवर सगळी कलमे मिळतात की! पाठ कशाला करायची?"

"अरे, दोन पार्ट्या डोकी फोडून समोर उभ्या असतात. तेव्हा मोबाइल काढून शोधत बसलो तर म्हणतील, यालाच काही येत नाही. मग ऐकतात होय ते आपलं?"

खेड्यापाड्यातल्या भांडणांत ठरलेली त्रयी म्हणजे तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा : मारहाण, शिवीगाळ, धमकी. ती आता झाली ११५(२), ३५२ आणि ३५१. खुनाचे ३०२ गेले, १०३ आले. फसवणुकीचे ४२०, ज्याने आपल्या भाषेला एक शब्दच दिला, ते ३१८ झाले. जुन्या संहितेत ५११ कलमे होती, नवीत ३५८ आहेत. गंमत अशी, की जुने क्रमांक रिकामे पडलेले नाहीत. त्या घरांत दुसरे भाडेकरू आले आहेत. नव्या संहितेतले ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याविषयीचे आहे, तर ३०४ हिसकावून नेण्याविषयीचे. म्हणजे सवयीने हात चालला आणि जुना आकडा पडला, तर फिर्यादीचा अर्थच पालटायचा. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच दंडविधान लागू राहतो. त्यामुळे जुने विसरूनही चालत नाही. एकाच माणसाने एकाच टेबलावर दोन संहिता सांभाळायच्या आहेत.

आकडे तरी पाठ होतील. कामाची रीत बदलली आहे, ती अवघड. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती व जप्तीचे दृश्य-ध्वनी चित्रण करावयाचे आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावे, अशी तरतूद आहे, आणि ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घेतलीच पाहिजे. तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवायचे आहे. साक्ष अधिनियमाखाली मोबाइलमधला पुरावा न्यायालयात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात त्या फाइलचे 'हॅश' मूल्य लिहावे लागते. हे मूल्य म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. आत एका अक्षराचा फरक झाला तरी ठसा बदलतो, आणि त्यामुळे पुराव्यात ढवळाढवळ झाली की नाही हे कळते. ही कल्पना मला समजायला दोन दिवस लागले; मी तर रोज संगणक हाताळतो. ज्यांनी अर्धी नोकरी कार्बन पेपरवर काढली, त्यांना ती एका दिवसाच्या वर्गात, दुपारच्या जेवणानंतरच्या तासाला, कशी समजावी?

आणि न समजल्याची किंमत दोघांना मोजावी लागते. २०१४ मध्ये अर्णेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही. अटक का आवश्यक आहे याची कारणे लिहायची, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. हे न पाळणाऱ्या पोलिसावर खातेनिहाय कारवाई आणि न्यायालयाचा अवमान, दोन्ही ओढवू शकतात. तेव्हा शिकवले न गेलेला शिपाई हा नागरिकाला धोका आहेच, पण तो स्वतःही उघड्यावर उभा असतो.

मग सेवेतल्यांना प्रशिक्षण का मिळत नाही? 'कॉमन कॉज' आणि 'सीएसडीएस' या संस्थांच्या २०१९ च्या अहवालात, सरकारी आकडेवारीच्या आधारे, असे दाखवले आहे की पाच वर्षांच्या काळात सरासरी ६.४ टक्के पोलिसांनाच सेवांतर्गत प्रशिक्षण मिळाले. वरिष्ठांचा वाटा त्यात अधिक. याचे कारण केवळ पैशाचे नाही. ठाण्यात माणसे मुळात कमी. त्यातून गणपती, नवरात्र, वारी, निवडणूक, मोर्चा, मंत्र्यांचा दौरा. वर्गाला माणूस पाठवायचा हुकूम आला, की ठाणे प्रमुख नाइलाजाने ज्याच्यावाचून काम अडत नाही त्याचे नाव कळवतात. त्यामुळे एकच माणूस तीन-तीन वर्ग करून येतो आणि ज्याच्याकडे तपासाचे ढीग आहेत तो एकही करीत नाही, असे घडते. दुसरीकडे प्रशिक्षण केंद्रातली नेमणूक ही खात्यात 'साइड पोस्टिंग' समजली जाते. शिकवण्याची आवड असलेले अधिकारी तिथे आहेत, आणि त्यांच्याविषयी शिपाई कृतज्ञतेने बोलतात. पण अडगळीत टाकल्याची भावना घेऊन आलेला माणूस दुसऱ्याला काय उभारी देणार?

माझ्या अल्पमतीप्रमाणे, माणूस शाळेत जात नसेल तर शाळा ठाण्यात आणावी. हजेरीच्या वेळी सगळे एकत्र येतातच. आठवड्यातून एकदा त्याला अर्धा तास जोडून ठाण्यातलाच एखादा निकाल लागलेला खटला उघडावा. आरोपी का सुटला? पंचनाम्यात वेळ का लिहिली नव्हती? न्यायालयाने ताशेरे ओढले असतील तर ते साहेबांनीच मोठ्याने वाचावेत. यातून अपमान वाटणार नाही अशी रीत घालावी लागेल, आणि ते सोपे नाही, हे मी जाणतो. शिस्तीच्या खात्यात 'साहेब, हे मला कळले नाही' म्हणणे हे धाडस असते.

यात आपल्या महाविद्यालयांनाही करण्याजोगे काही आहे. पंचनामा म्हणजे शेवटी मराठी गद्यच. 'सदर इसम', 'समक्ष', 'येणेप्रमाणे' या ठोकळ्यांत कित्येकदा नेमकी हकीकत हरवते. दार आतून बंद होते की बाहेरून, दिवा लागला होता की नाही, हे सरळ वाक्यात लिहिणे हे कौशल्य आहे, आणि ते मराठी विभाग शिकवू शकतो. जे पाहिले ते आणि जे वाटले ते वेगळे कसे लिहावे, हे समाजशास्त्राचे विद्यार्थी क्षेत्रभेटीच्या अहवालासाठी शिकतातच. एखाद्या रविवारी ठाण्यातले चार कर्मचारी आणि आपले चार विद्यार्थी एकाच खोलीचे वर्णन लिहून ताडून पाहतील, तर कोण कोणाला शिकवील हे सांगता येत नाही.

हवालदारकाकांना यंदा डिजिटल पुराव्याच्या एका आठवड्याच्या वर्गाला जाण्याचा हुकूम आला होता. त्यांनी नवा चष्माही करून घेतला. निघण्याच्या आदल्या दिवशी बंदोबस्त लागला आणि नाव रद्द झाले. पुढची तारीख दिवाळीनंतर कळवू, असे उत्तर आले आहे. मी लिहून दिलेली वही मात्र सध्या त्यांच्याजवळ नाही. ठाण्यात नवे आलेले दोन शिपाई ती झेरॉक्स काढायला म्हणून घेऊन गेले, ते अजून परत करायचे आहेत.