मोहिनीराजाची नथ

(नेवासे. दर्शन घेऊन आत्या आणि भाची सभामंडपात टेकल्या आहेत.)

भाची : आत्या, देव पुरुष ना? मग नाकात नथ कशी?

आत्या : हा विष्णू, पण मोहिनीच्या रूपातला. बाईच्या रूपात त्यानं अमृत वाटलं ते इथंच, असं गाव मानतं. चोरून पंगतीत बसलेल्या राहूचं डोकं उडालं ते राहुरीला पडलं, काया कायगावला. ज्ञानेश्वरीही याच गावात, १२९० मध्ये सांगितली गेली. तिच्या शेवटी या क्षेत्राचं दैवत म्हणून ‘महालया’ येते. ती म्हणजेच हा, असं मानतात. एकाच देवाला बाईचं नाव आणि बाप्याचंही.

भाची : म्हणजे पूर्वी कुणाला यात वावगं वाटत नव्हतं?

आत्या : देवाच्या बाबतीत नाही. होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी १७७३ मध्ये एवढं मोठं देऊळ बांधलं ते याच रूपासाठी. माणसांचं मात्र फार गोड चित्र रंगवू नकोस. देवीच्या नावानं लुगडं नेसणाऱ्या जोगत्याच्या पाया पडायचं आणि त्याला पंगतीला मात्र बसवायचं नाही, हेही चालायचंच. तरी लुगडं नेसलं म्हणून कुणी तुरुंगात जात नव्हतं.

भाची : मग ते कधी सुरू झालं?

आत्या : इंग्रजी अमलात. १८६० च्या दंडसंहितेत ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ आलं. मग १८७१ च्या कायद्यानं उत्तर हिंदुस्थानात संशयित हिजड्यांची पोलिसांनी यादी करायची ठरलं. यादीतलं कुणी बाईच्या कपड्यांत रस्त्यावर दिसलं की वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. मूल दत्तक घ्यायची बंदी, मृत्युपत्र करायचीही बंदी. बघ, तोवर एखादी कृती पाप ठरायची. आता अख्खा माणूसच संशयित ठरला. मला या सगळ्यात हेच सर्वांत भयंकर वाटतं.

भाची : पण ३७७ गेलं ना?

आत्या : प्रौढांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं गेलं ६ सप्टेंबर २०१८ ला, आणि उरलेलं २०२४ मध्ये जुन्या दंडसंहितेबरोबर. मला मोलाचा वाटतो तो त्याआधीचा, १५ एप्रिल २०१४ चा निकाल. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं सांगायचं. त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं.

भाची : म्हणून परवा नेवासा फाट्यावर टाळी वाजवत आलेल्या त्यांना तू ‘ताई’ म्हणालीस?

आत्या : मी आधी ‘दादा’ म्हणाले होते गं. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “ताई म्हणा.”