टाकी धुऊ नका

मासे घाण पाण्यात मरतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या नागपूरच्या रामदासपेठेतल्या फ्लॅटमध्ये मात्र ते टाकी घासूनपुसून लख्ख केल्यावर मेले. त्याआधी काचेवर हिरवट थर आणि तळाशी थोडा गाळ असलेल्या त्याच टाकीत गप्पी आणि मोली सुखानं पिल्लं देत होत्या.

दिवाळीला पाहुणे येणार होते, म्हणून टाकी नीट करून घ्यायचं ठरलं. धंतोली-रामदासपेठ म्हणजे दवाखान्यांची वस्ती, आणि बऱ्याच दवाखान्यांत पेशंट बसतात तिथे फिश टँक असतोच. (ती हौस अगदीच निराधार नाही. दाताच्या रुग्णांची भीती उपचाराआधी मासे बघत बसल्यानं कमी होते, असं 1984 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं होतं.) त्यामुळे घरी येऊन टाकी साफ करून देणारी मुलं इकडे सहज मिळतात. आमच्याकडे आलेला मुलगा मोठा उत्साही होता. ‘‘काकू, टेन्शनच नका घेऊ. असं चकाचक करून देतो का पाहतच राहाल.’’

त्यानं मासे बादलीत काढले, होतं नव्हतं ते पाणी मोरीत सोडलं आणि रेती चार-चारदा खंगाळली. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून इतका पिळला की काळा होता तो पिवळा झाला. मग थेट नळाचं पाणी भरलं, निळ्या औषधाचे थेंब टाकले आणि मासे सोडले. टाकी खरोखरच बघत राहावी अशी झाली होती.

पाहुणे यायच्या आतच पाणी दुधाळ झालं. मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडं उघडून हापसायला लागले. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, ‘‘पाणी खराब झालं असेल, पूर्ण बदला.’’ बदललं. एक दिवस स्वच्छ, मग पुन्हा दुधाळ. पुन्हा बदललं. आधी मोली गेल्या, मग गप्पी. शेवटी टाकीतले दोन एंजल मासे उरले आणि तेही कोपऱ्यात पंख मिटून उभे.

वरच्या मजल्यावर एक काका राहतात. पाण्याच्या प्रयोगशाळेत जन्म गेलेला माणूस. ते आले, पण त्यांनी पाण्याकडे धड पाहिलंही नाही. ‘‘पाणी राहू द्या हो. स्पंज कशानं धुतला ते सांगा.’’

त्या संध्याकाळी त्यांनी जे समजावलं ते दुकानात कोणी सांगत नाही. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजते, त्यातूनही अमोनियाच होतो. तो माशाला विष. टाकीत एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानानं सौम्य. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंजवर, रेतीवर, काचेवर चिकटून राहतात. स्पंजमधली ती काळपट चिकट घाण म्हणजेच त्यांची वस्ती. नळाखाली धुताना ती वाहून गेली, जी उरली तिला नळातल्या क्लोरीननं मारलं, आणि निळं औषध तर जंतू मारण्यासाठीच असतं. त्याला कामाचे जिवाणू कोणते आणि बिनकामाचे कोणते हे कळत नाही.

मग पाणी दुधाळ का झालं? कारण कुजण्यावर जगणारे दुसरे जिवाणू तासा-दीड तासात दुप्पट होतात, आणि अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस लागतो. मोकळ्या झालेल्या टाकीत पहिले माजले. पांढरट दिसतात ते हेच, तरंगणारे. ते ऑक्सिजन संपवतात म्हणून मासे वर येतात. आणि आपण दरवेळी सगळं पाणी बदलून ती शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू करून देतो. नवीन टाकीत ही घडी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

काकांनी एक उदाहरण दिलं, ते नागपुरी माणसाला पटकन पटावं. आपल्या गावात नीरी आहे. ही संस्था 1958 साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी निघाली आणि 1974 पासून नीरी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथे खेड्यांसाठी सावकाश चालणाऱ्या वाळूच्या गाळण्यांवर बरंच काम झालं आहे. त्या गाळणीत वाळूच्या वरच्या अंगाला जिवाणूंचा एक पातळ पापुद्रा धरतो आणि पाणी शुद्ध करण्याचं बरंचसं काम तोच करतो. गाळणी तुंबली की फक्त वरचा थर खरवडतात, खालची वाळू जागेवरच राहू देतात. आणि खरवडल्यावर लगेच पाणी प्यायला सोडत नाहीत, पापुद्रा पुन्हा धरेपर्यंत थांबतात. घरातला दोनशे-तीनशे रुपयांचा स्पंज फिल्टर याच तत्त्वावर चालतो, एवढं लक्षात ठेवलं तर निम्मे मासे वाचतील.

आमचे एंजल वाचले ते असे. खाणं पूर्ण बंद. एअर पंप रात्रंदिवस चालू. रोज एक बादली पाणी काढून तेवढंच क्लोरीन गेलेलं पाणी घालायचं. आणि धंतोलीतल्या एका मैत्रिणीच्या जुन्या, चालत्या टाकीतला अर्धा स्पंज कापून ओल्या पिशवीतून आणला, तो आमच्या फिल्टरमध्ये बसवला. हा शेवटचा उपाय सगळ्यांत गुणाचा. विरजण लावल्यासारखंच ते. मात्र आजारी टाकीतला स्पंज आणू नका, नाहीतर रोगही सोबत येतो.

तेव्हा पहिला नियम: सगळी टाकी एकदम कधीही धुऊ नका. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर छप्पन लिटर पाणी मावतं. रेती आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीस धरा. आठवड्याला त्यातलं पाव, म्हणजे बारा लिटरच्या आसपास, लहानशी एक बादली, सायफनच्या नळीनं तळातला गाळ ओढत काढायचं. स्पंज धुवायचा तो याच काढलेल्या पाण्यात, दोन-तीनदा दाबून. पाणी अडत नसेल तर तोही धुवायची गरज नाही. दोन स्पंज असतील तर दोन्ही एका दिवशी धुऊ नका. काच हवी तेवढी घासा, काचेचं कोणाला काही वाटत नाही.

नळाच्या पाण्याबद्दल. शहराला पेंचचं आणि कन्हानचं पाणी येतं, ते शुद्ध करून क्लोरीन घालून. पिण्याच्या पाण्यात शेवटच्या नळापर्यंत लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा, असं भारतीय मानक सांगतं. माणसाला हे चांगलंच. माशाच्या कल्ल्यांना मात्र ते जाळतं. बादली उघडी ठेवून एक दिवस थांबा, किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब घाला (त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं). पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त आला तर दोन्ही करा.

बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं पाणीही असतं. ते जड, क्षाराचं. त्यात क्लोरीन नाही म्हणून लोक खूश होतात, पण एक गोष्ट बघत नाहीत. अमोनिया किती विषारी ठरेल हे पाण्याच्या पीएचवर अवलंबून असतं. पीएच सातच्या पाण्यात एकूण अमोनियापैकी अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो. पीएच आठ झाला की तोच आकडा पाच टक्क्यांच्या वर जातो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे मऊ पाण्यात खपून गेलेली हयगय जड पाण्यात खपत नाही. आणि उलट टोकाला जाऊन सगळं आरओचंच पाणी भरलं तर क्षारांअभावी पीएच अचानक घसरतो. एकच एक पाणी ठरवा आणि त्यावर टिका. माशांना पाण्याच्या प्रकारापेक्षा बदलाचा त्रास जास्त होतो.

आता नागपूरचा उन्हाळा, कारण इतर गावच्या पुस्तकांत हा भाग नसतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. ते थेट माशांवर ओतलं तर तुमच्याकडे मासे राहणार नाहीत. बादली रात्री घरात भरून ठेवायची, पहाटे घालायची. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: 20 अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसात. तेव्हा उन्हाळ्यात खाणं कमी, मासे कमी, हवा जास्त. टाकीचं झाकण काढून जाळी लावा आणि लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर फिरू द्या. कोरड्या हवेत पाणी वाफ होऊन जातं आणि दोन-तीन अंश तरी उतरतात, आपल्या कूलरसारखंच. फक्त वाफ होऊन जातं ते पाणी, क्षार मागेच राहतात. कूलरच्या वाळ्यावर एका सीझनमध्ये किती पांढरा थर बसतो ते पाहा. नुसती रोजची भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. दिवे गेले तर बॅटरीवर चालणारा पंप हाताशी असावा. डिसेंबरच्या रात्री हीटर लागतो, याबद्दल जास्त सांगायला नको.

पाण्याचा रंग बघून उपाय करा. दुधाळ असेल तर वर सांगितलं तेच: थांबा, खाणं बंद करा, पाव-पाव पाणी बदला. हिरवं असेल तर ते शेवाळ. टाकी खिडकीतून उचला, दिवा सहा-सात तासांवर आणा आणि तीन-चार दिवस टाकीवर जाड चादर टाकून अंधार करा. चहासारखं तपकिरी असेल तर आत ठेवलेल्या लाकडाचा रंग उतरतोय. तो निरुपद्रवी असतो, माशांना उलट आवडतो. बघवत नसेल तर फिल्टरमध्ये कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. भरल्याबरोबर गढूळ दिसलं तर रेती नीट धुतलेली नाही. रेती धुवायची वेळ एकच, टाकीत घालायच्या आधीची.

आणि तुरटी नको. आमच्याकडेही एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं होतं, ‘‘तुरटी फिरव, पाच मिनिटांत निवळेल.’’ निवळेल, यात शंका नाही. पण तुरटीतल्या ॲल्युमिनियमचे गोळे माशांच्या कल्ल्यांवर बसतात, पीएच खाली येतो, आणि अमोनिया होता तिथेच राहतो. दुकानात मिळणारी पाणी चकचकीत करणारी औषधंही पाण्याचं रूप बदलतात, प्रकृती नाही. खड्याचं मीठ हा दुसरा सर्वमान्य उपाय. पाणी निवळायला त्याचा काडीचा उपयोग नाही. एका ठिकाणी मात्र ते खरं काम करतं. नायट्राइट वाढलेलं असेल तर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम मीठ नायट्राइटला माशाच्या रक्तात शिरू देत नाही. वनस्पती असतील तर तेवढंही जपून.

पैसे खर्च करायचेच असतील तर अमोनिया तपासायच्या थेंबांच्या किटवर करा. पिवळा रंग राहिला तर ठीक, हिरवट झाला तर पाणी बदला. काच कितीही नितळ दिसो, त्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवा. धुतलेल्या त्या टाकीचं पाणी पहिल्या दिवशी किती सुंदर दिसत होतं, हे मी पाहिलेलं आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. आमच्या घरी तो गुरुवार आहे, आणि मासेही गुरुवार करतात याचं सासूबाईंना फार समाधान आहे. गावाला जाताना शेजाऱ्यांच्या हाती डबा देऊ नका. प्रेमानं इतकं घालतात की परत येईपर्यंत पाणी कुजतं. मोठे, धष्टपुष्ट मासे आठवडाभर उपाशी आरामात राहतात. चैन पडत नसेल तर एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या.

शेवटचा मुद्दा सकर माशाचा. ‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून दोन इंचाचा सकर गळ्यात मारतात. तो काचेवरचं शेवाळ खातो हे खरं, पण विष्ठाही तेवढीच करतो, आणि दक्षिण अमेरिकेतला हा मासा फूट-दीड फुटापर्यंत वाढतो. दोन फुटी टाकीत मग तो मावत नाही आणि लोक त्याला गुपचूप तलावात सोडून येतात. उजनी धरणावरच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत हाच मासा येतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. तेव्हा सकर घेऊच नका. घरात असेल आणि नकोसा झाला असेल तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कोणाला द्या. फुटाळा, अंबाझरी, गांधीसागर, यांतल्या कशातही तो सोडू नका.