काळ्या पाषाणातील उत्तर दिशा

चुंबक केलेली शिवणाची सुई निखाऱ्यावर लालभडक तापविली की तिचे चुंबकत्व नाहीसे होते. तीच सुई दक्षिणोत्तर ठेवून निवू दिल्यास पृथ्वीच्या प्रभावाने तिच्यात क्षीण चुंबकत्व पुन्हा येते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा (सुई चिमट्यात धरावी). पुढील विवेचन त्यावरच उभे आहे.

सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी शिलारसाच्या रूपाने भूमीतून बाहेर पडला. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म कण असतात. शिलारस पातळ असताना हे कण होकायंत्राच्या सूचीप्रमाणे फिरून उत्तरेकडे तोंड करतात, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. खडक घट्ट होतो तो हजार अंश सेंटिग्रेडच्या आसपास. मॅग्नेटाइटमध्ये चुंबकत्व येते ते ५८० अंशांच्या खाली. म्हणजे कण जागचा हलत नाही. त्याच्यातील चुंबकत्व तेवढे तत्कालीन क्षेत्राच्या दिशेने स्थिर होते.

ही दिशा वाचण्यासाठी दगड काढण्यापूर्वीच त्यावर उत्तरेची खूण करावी लागते. डोंगरमाथ्यावरील दगडांविषयी विशेष सावधगिरी हवी, कारण वीज पडून जुनी नोंद पुसली जाते.

१९५६ साली क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या पाषाणाचे मापन प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात आज टांगलेल्या चुंबकसूचीचे उत्तर टोक उत्तरेकडे वळून किंचित खाली झुकते. सह्याद्रीच्या बहुतेक थरांत मात्र ते दक्षिणेकडे आहे, म्हणजे त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलट होते. (अशी उलथापालथ फ्रान्समधील खडकांवरून ब्रून याने १९०६ सालीच दाखविली होती.) पण ध्रुव केवळ उलटले असते, तर उत्तर टोक दक्षिणेकडे वळून वर उचलले गेले असते. येथे ते खाली, आणि तेही बऱ्याच तीव्र कोनात झुकलेले! याचा अर्थ एकच निघतो: हा शिलारस विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३० अंशांवर थंड झाला. वेगेनरने १९१२ साली मांडलेली भूखंडे सरकण्याची कल्पना तोवर बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्याज्य ठरविली होती. अशा दगडांच्या साक्षीनंतर ती झटकून टाकणे कठीण झाले.

महाबळेश्वरच्या माथ्याकडील थरांत उत्तर टोक उत्तरेकडे वळून वर उचललेले आढळते. शिलारसाचे थर साचत असतानाच ध्रुवांची अदलाबदल झाली होती.